चार कॅमेऱ्यांचं किट: कॅमेरे पास, केबल नापास

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत "चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं पूर्ण किट द्या" म्हटलं की काउंटरवर ठरलेला माल येतो. २ मेगापिक्सेलचे चार अ‍ॅनालॉग एचडी कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा पुरवठा), ३+१ केबलचं (तीन बारीक तारा आणि चित्रासाठी एक कोअ‍ॅक्स) ९० मीटरचं बंडल आणि बीएनसी-डीसी पिनांची (बीएनसी चित्राची, डीसी पॉवरची) एक पिशवी. ब्रँड बदलतो, बाकीचा माल साधारण तोच. कॅमेरे आणि डीव्हीआर या किमतीला खरोखर चांगले आहेत. पण महिन्या-दोन महिन्यांत "चित्र मधूनच फडफडतं" ही तक्रार येते, आणि ती बहुतेक वेळा शेवटच्या तीन वस्तूंमुळे येते. म्हणून हा रिव्ह्यू त्यांचाच.

आधी केबल. ३+१ मधल्या पॉवरच्या तारा बारीक असतात, आणि स्वस्त बंडलात त्या तांब्याच्या नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ०.२ चौरस मिलिमीटरची तार आणि कॅमेरा ३५ मीटरवर धरा. जाऊन-येऊन ७० मीटर तार झाली, म्हणजे सुमारे ९ ओहम. दिवसा कॅमेरा दीडशे-दोनशे मिलिअँपिअर घेतो तोवर निभतं. रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड) एलईडी पेटले की करंट चारशेच्या घरात जातो आणि वाटेतच साडेतीन व्होल्ट गळतात. कॅमेऱ्यापाशी उरतात जेमतेम साडेआठ. कोअ‍ॅक्सची बाहेरची जाळी परतीचा थोडा करंट वाहून नेते, त्यामुळे मोजताना आकडा जरा बरा दिसतो; पण कॅमेरा लटपटायला एवढी घट पुरते. आयआर पेटतो, व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीसेट होतो, आयआर विझतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा तेच. घरमालकाला दिसतं ते "रात्री लुकलुकतं, सकाळी ठीक".

तपासायची पद्धत एकच: अंधारात, आयआर चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावायचा. डीसी पिन काढून मोजलं तर लोड नसल्यामुळे बारा पूर्ण दिसतात आणि माणूस फसतो, त्यामुळे पिन जोडलेलीच ठेवा. लोडवर ११ च्या वर असेल तर पॉवर निर्दोष धरा. १० च्या खाली असेल तर कॅमेरा बदलून पैसे वाया घालवू नका.

केबल भिंतीत गेली असेल तर ऑडिओसाठीची तिसरी तार बहुधा रिकामीच असते. ती दोन्ही टोकांना निगेटिव्हला जोडून द्या. एकूण रोध पाव भागाने कमी होतो. तेवढ्याने भागलं नाही तर लांबच्या कॅमेऱ्याला जवळच्या सॉकेटवर वेगळा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर द्या.

एसएमपीएस पास, पण काठावर. चार कॅमेऱ्यांना रात्री मिळून दोन अँपिअरही लागत नाहीत, त्यामुळे ५ अँपिअर भरपूर. टर्मिनलशेजारचा बारीक स्क्रू फिरवून आउटपुट १२.८ पर्यंत नेता येतं. मीटर लावूनच करा, १३ ओलांडू नका, आणि सर्वात जवळच्या कॅमेऱ्याला तेवढं चालतं का ते त्याच्या लेबलवर बघा. शेजारीच २३० व्होल्टचे स्क्रू असतात, तेव्हा हात आणि पेचकस दोन्ही जपून. वर्ष-दोन वर्षांनी चारही कॅमेऱ्यांत एकदम बारीक रेघा सळसळायला लागल्या तर आउटपुटचे कपॅसिटर फुगलेत का पाहा. बंद केल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ तीनशेहून जास्त व्होल्ट धरून ठेवतो. ज्यांना सवय नाही त्यांनी डबा उघडूच नये, सरळ नवा घ्यावा.

पिना मात्र साफ नापास. स्क्रूखाली पिळून बसवलेली तार पावसाळ्यात हिरवी पडते. निगेटिव्हचा स्क्रू सैल झाला तरी कॅमेरा बंद पडत नाही, हे खास लक्षात ठेवा. करंट कोअ‍ॅक्सच्या जाळीतून डीव्हीआरकडे आणि तिथून दुसऱ्या कॅमेऱ्यांच्या निगेटिव्हमधून परत जातो. कॅमेरा चालू, पण चित्रात पट्टे, आणि कधीकधी दोन-तीन चॅनेलमध्ये एकदम! अशा वेळी लोक डीव्हीआर बदलतात, दोष असतो एका स्क्रूचा. पिगटेल पिना (आधीच तार जोडलेल्या) घ्या, जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह (प्लॅस्टिकची नळी) चढवा, आणि कॅमेऱ्याची शेपटी उघड्यावर न लोंबवता पीव्हीसी बॉक्समध्ये ठेवा. केबल बॉक्सला खालून आत घ्या म्हणजे पाणी तारेवरून आत ओघळणार नाही.

किटच्या माथी मारू नयेत असे दोषही आहेत. ट्यूबलाइटखालीच पट्टे सरकत असतील आणि दिवा बंद करताच जात असतील तर सेटिंग ६० हर्ट्झवर राहिलंय. आपली वीज ५० हर्ट्झची; डीव्हीआरमध्ये पॅल (५० हर्ट्झची व्हिडिओ पद्धत) निवडा आणि कॅमेऱ्याच्या ओएसडी (स्क्रीनवर दिसणाऱ्या) मेनूतही तेच बघा. रात्री टिकटिक आवाज करत चित्र रंगीत-काळंपांढरं होत असेल आणि व्होल्टेज ठीक असेल, तर आयआर शेजारच्या भिंतीवरून किंवा कोळ्याच्या जाळ्यावरून परतून कॅमेऱ्याला दिवस भासवतोय. जाळं पुसा, तोंड थोडं वळवा. आणि टीव्हीवर फडफड, पण रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर एचडीएमआय केबल बदला. एकाच चॅनेलची तक्रार असेल तर डीव्हीआरमागे दोन बीएनसींची अदलाबदल करा. दोष नव्या चॅनेलवर गेला तर तो बाहेरचा, जुन्याच चॅनेलवर राहिला तर डीव्हीआरचा.

किट घ्या, पण केबल आणि पिना वगळून भाव करा आणि शुद्ध तांब्याची केबल वेगळी मागा. दुकानातच टोक सोलून तारेवर ब्लेड घासा. वरून पांढरी आणि आत लाल असेल तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते चालतं. वरून लाल आणि आत पांढरी निघाली तर ते बंडल तिथेच परत करा.