किशोरवयीन मुलांचं समुपदेशन केंद्र : पाचपैकी चार तारे
लेकीच्या कपाटात खाऊची रिकामी पाकिटं सापडली तेव्हा मी आधी ओरडलेच. वय पंधरा. इथल्या बाईंनी वजनकाटा काढलाच नाही, विचारलं, "खाताना थांबताच येत नाही असं होतं का गं?" पोरगी रडायला लागली. भूक नसताना, एकटीनं, भराभर, पोट दुखेपर्यंत खायचं आणि मग स्वतःचीच किळस. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन ग्रंथात, २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. आणि मी हावरटपणा म्हणत होते! डाएट आधी बंद करायला लावलं, उपाशी राहिलं की पुढचा झटका मोठा येतो म्हणून. वेळेवर जेवण, शिवाय खाण्याची नोंदवही. एक तारा कापला, कारण बाहेरच्या भिंतीवर वजन घटवण्याची जाहिरात होती.