श्वासाचे ॲप : सहा आठवड्यांच्या वापरानंतर

ताण वाढला की श्वास उथळ होतो आणि छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, हे वाचून माहीत होते. स्वतःच्या बाबतीत ते ध्यानात येण्यासाठी मात्र मला एक ॲप लागले. सहा आठवडे मी ते रोज वापरले. पहिल्या दिवशी त्याने एक मिनिटाचे श्वास मोजायला सांगितले, तेव्हा १८ भरले. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले प्रमाण मिनिटाला १२ ते २० असते, म्हणजे काळजीचे काही नव्हते. पण मोजायला बसले की श्वास आपोआप संथ होतो, त्यामुळे कामाच्या गर्दीतला खरा आकडा याहून मोठाच असणार.

या ॲपमधला सर्वांत चांगला सराव दिसायला सर्वांत साधा आहे. पडद्यावरचे वर्तुळ चार सेकंद मोठे होते आणि सहा सेकंद आक्रसते. त्याबरोबर श्वास घ्यायचा आणि सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात; हा बदल मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत घडतो, आणि उच्छ्वास लांबवण्यामागचे कारण हेच. या सरावात कोणी मधाळ आवाजात उपदेश करत नाही, याचे मला विशेष कौतुक वाटले. फोन खिशात ठेवून केवळ कंपनाच्या खुणेवरही तो करता येतो, त्यामुळे एखाद्या कटकटीच्या बैठकीआधीची तीन मिनिटे मला सत्कारणी लावता आली. बैठक तेवढीच कटकटीची राहिली, पण उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबणे जमू लागले.

दुर्दैवाने नवख्यापुढे हा सराव पहिल्यांदा येत नाही. ॲप सुरुवात करते ती अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू वाइल यांनी लोकप्रिय केलेल्या ४-७-८ पद्धतीने. चार सेकंद श्वास घ्यायचा, सात सेकंद रोखायचा आणि आठ सेकंद सोडायचा, असे तिचे एक आवर्तन १९ सेकंदांचे होते. सवय नसलेल्याला त्यात गुदमरल्यासारखे वाटते, आणि मन शांत करायला बसलेला माणूस हवेसाठी कासावीस होतो. त्यात निवेदक वारंवार ‘आणखी खोल, आणखी भरून’ म्हणतो. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. चौथ्या दिवशी मला नेमके तेच झाले. गर्भवतींनी तसेच हृदयाचा वा श्वसनाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून मगच श्वास रोखावा, ही सूचना ॲपमध्ये आहे. पण ती सेटिंगच्या तळाशी लपलेली आहे.

याहून गंभीर तक्रार ‘सजग श्वसन’ या विभागाबद्दल आहे. श्वास आहे तसा पाहणे वेगळे आणि त्याला वळण लावणे वेगळे. बौद्ध परंपरेतील आनापान पहिल्या प्रकारचे, तर पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) आणि रेचक (सोडणे) सांगणारा प्राणायाम दुसऱ्या. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या, सजगतेतून ताण कमी करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमातही, जो आज आठ आठवड्यांचा म्हणून ओळखला जातो, भर निरीक्षणावरच आहे. या ॲपमध्ये मात्र निवेदक ‘श्वास बदलू नका, केवळ पाहा’ म्हणत असताना पडद्यावरचे वर्तुळ आपल्या ठरलेल्या लयीत फुगत राहते. डोळे मिटले, तर कंपन सुरू असते. कोणाचे ऐकायचे?

ॲप बनवणाऱ्यांना हा भेद ठाऊक असता तर सरावांची निवडही सुधारली असती. स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या २०२३ मधील अभ्यासात रोज पाच मिनिटे, महिनाभर केलेल्या श्वसनाच्या सरावांनी मनःस्थिती निरीक्षणपर ध्यानापेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. त्यांतही नाकाने लागोपाठ दोनदा श्वास घेऊन मग तो सावकाश सोडण्याची पद्धत सरस ठरली. ही पद्धत या ॲपमध्ये ‘इतर’ या शीर्षकाखाली सर्वांत शेवटी पडून आहे.

सलग दिवसांची मोजणी आणि रात्री उशिरा येणारे ‘आजचा सराव राहिला’ हे नोटिफिकेशन यांवर अधिक लिहीत नाही; दोन्ही मी दुसऱ्याच आठवड्यात बंद केली. पाचपैकी तीन तारे देतो, तेही चार-सहाच्या त्या वर्तुळासाठी. वर्गणी मात्र पुढे चालू ठेवलेली नाही, कारण ती लय आता भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहूनही साधते.