आरामखुर्ची: जुनी सागवानी की नवी करून घेतलेली?

भाचीला दिवाणखान्यात लांब हातांची, वेताच्या बैठकीची आरामखुर्ची हवी आहे. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा ओशिवऱ्यातून जुनी आणावी, की सुताराकडून तशीच नवी करून घ्यावी, यावर तिचं अडलंय.

लाकडाच्या बाबतीत माझं मत जुनीलाच. त्या काळचा बर्मा साग दाट रेषांचा, पुरता मुरलेला. आता तो वाकण्या-तडकण्याची भीती कमी. पण खुर्ची उलटी करून बघाच. पायांच्या तळाशी ताजी भुकटी दिसली तर लाकडात भुंगा आहे. कुसू, म्हणजे सांध्यात अडकणारं लाकडाचं टोक, खाचेत घट्ट बसलंय, की खिळे ठोकून सांधा कसाबसा ओढलाय, तेही तिथेच कळतं. विक्रेत्याच्या तोंडच्या ‘अँटिक’ला किंमत देऊ नका, सांध्यांना द्या.

खर्च मोजताना जुन्या खुर्चीत वेत विणणं, पॉलिश आणि टेम्पोही धरा. नवीत ही कटकट नाही, पण लाकूड नीट वाळलेलं नसेल तर सांधे ढिले पडतात. म्हणून पॉलिशआधी लाकूड स्वतः पाहा.

जपणूक सारखीच: कडक ऊन नको, ओली फरशी नको.

घर ऐसपैस असेल, शोधायला सवड असेल आणि लाखेच्या पॉलिशखालचा तांबूस सागरंग पाहून जीव सुखावत असेल, तर जुनीच घ्या. खोली लहान असेल किंवा गुडघे दुखणारं माणूस रोज बसणार असेल, तर बैठक थोडी उंच ठेवून नवी करून घ्या.