'ऑडियन्स', 'अटेंडी' की 'डेलिगेट'? ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश या कामाला कितपत येतो

कार्यक्रमाला आलेल्यांना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं, यावर अहवाल किंवा प्रमाणपत्र लिहिताना पेन हमखास अडतं. तेव्हा 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'ची मोफत वेबसाइट उघडावी. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ ७ दाबून समानार्थी शब्दांची यादी मिळते, पण त्यांतला फरक कळत नाही. या कोशात तो कळतो. त्यासाठी व्याख्येच्या पलीकडे, व्याकरणाच्या खुणा आणि उदाहरणंही वाचावी लागतात.

'ऑडियन्स'चंच बघा. शब्दाशेजारी खूण आहे: गणनीय, क्रियापद एकवचनी किंवा अनेकवचनी. म्हणजे हा शब्द समूहाचा. 'टू हंड्रेड ऑडियन्सेस' लिहिलं की दोनशे माणसं होत नाहीत, दोनशे वेगवेगळे प्रेक्षकवर्ग होतात. बरोबर रचना 'अ‍ॅन ऑडियन्स ऑफ टू हंड्रेड'. ही चूक छापील अहवालांत सर्रास दिसते आणि एवढी एक खूण वाचली तरी टळते.

'स्पेक्टेटर'च्या व्याख्येत 'विशेषतः खेळ' असं आहे, म्हणून तो सामन्याला शोभतो, चर्चासत्राला नाही. 'डेलिगेट' म्हणजे गटाने निवडलेला, त्यांच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी. परिषदांमध्ये नोंदणी केलेल्या सगळ्यांनाच आता डेलिगेट म्हणतात, तेही चालतं, पण ठराव मंजूर करणाऱ्या सभेच्या इतिवृत्तात जपून वापरावा. 'पार्टिसिपंट'पुढे 'इन' येतं, आणि हा भाग घेणारा. नुसतं ऐकून गेलेल्याच्या प्रमाणपत्रावर हा शब्द नको. तिथे 'अटेंडी' हवा.

नेमका 'अटेंडी'लाच कोश तोकडा पडतो. सभेला हजर राहणारा, एवढंच तो सांगतो. 'एम्प्लॉयी', 'ट्रेनी' यांत शेवटचा 'ई' ज्याच्यावर क्रिया होते त्याला लागतो, इथे मात्र हजर राहणाऱ्यालाच. घोळ इथूनच होतो, आणि 'अटेंडी'च्या जागी 'अटेंडंट' पडतं, म्हणजे पाहुण्याचा सेवक होतो! 'अटेंड'पुढे 'टू' घालायचं नाही, हेही लक्षात ठेवा. 'अटेंड टू' म्हणजे एखाद्या कामात लक्ष घालणं.

'गेस्ट' बोलावलेला, 'व्हिजिटर' प्रदर्शनाला येऊन जाणारा. इथे फारसा गोंधळ होत नाही.

मोठी गैरसोय अशी की प्रत्येक शब्दाचं पान वेगळं उघडून तुलना आपणच करायची. अर्थाच्या गटांनुसार शब्द एकत्र हवे असतील तर लाँगमनचा 'लँग्वेज अ‍ॅक्टिव्हेटर' (पहिली आवृत्ती १९९३) शोधावा. पण रोजच्या कामाला ऑक्सफर्डच हाताशी ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार तिथे ऐकता येतात, त्यामुळे सूत्रसंचालकाचीही सोय होते.