मानेची सोनोग्राफी: चार तारे, पाचवा का नाही ते वाचा

सासूबाईंची ठुशी गळ्याला दाटायला लागली तेव्हा आधी आम्ही सोनारालाच नावं ठेवली. मग दिसलं, गळ्याच्या खाली उजवीकडं गाठ आहे आणि घोट घेतला की ती वरखाली होते. आधी दुसरीकडं सोनोग्राफी केली होती. रिपोर्टमध्ये जेमतेम एक ओळ: थायरॉईडमध्ये गाठ आहे, सुईची तपासणी करावी. किती मोठी, दिसते कशी, अक्षर नाही. घरात रडारड. शेजारच्या काकूंचं म्हणणं, थेट सीटी स्कॅनच करून टाका. आमच्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासलं, ते नॉर्मल आलं, आणि त्यांनी शाहूपुरीतल्या या सेंटरला चिठ्ठी दिली.

इथं डॉक्टर मॅडम स्वतः प्रोब (मानेवर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) धरतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. खांद्याखाली उशी घालून मान मागं टाकायची असते; सासूबाईंना मणक्याचा त्रास, त्या कळवळल्या. मॅडमनी लगेच उशी काढून टॉवेलची घडी घातली. मंगळसूत्र काढायचा आग्रह नाही, वर सरकवून कापसाच्या पट्टीनं बांधलं. "आजी, गिळा. आता बोलू नका." आजी नेमक्या तेव्हाच बोलायच्या.

मला स्क्रीनसमोर उभं करून मॅडमनी दाखवलं. गाठ कॅन्सरची असण्याचा संशय किती ते ठरवायला टायरॅड्स म्हणून गुण देण्याची पद्धत आहे, जितके गुण जास्त तितका संशय जास्त, अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं 2017 साली छापलेली. गाठ भरीव म्हणून 2 गुण, आजूबाजूच्या ग्रंथीइतकीच उजळ म्हणून 1. आडवी आहे, कडा गुळगुळीत आहे, आत चुन्याचे बारीक ठिपके नाहीत, म्हणून बाकी शून्य. गाठ उभी असती तर त्याचेच 3 गुण, ठिपक्यांचे आणखी 3. आमचे एकूण 3, म्हणजे टीआर 3. या गटात सुई घालायची ती गाठ 25 मि.मी. किंवा त्याहून मोठी असेल तर. 15 च्या पुढं असेल तर नजर ठेवायची. आमची 18. वर्षानं पुन्हा या, म्हणाल्या. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथीही बघितल्या: लांबट, चपट्या, मधला चरबीचा भाग जागेवर, म्हणजे नॉर्मल. आधीच्या ठिकाणी तिकडं कुणी प्रोब नेलाच नव्हता.

सीटीचं विचारलं तर म्हणाल्या, थायरॉईडची गाठ आधी सोनोग्राफीतच नीट कळते. शिवाय सीटीला आयोडीनचं इंजेक्शन द्यावं लागलं आणि पुढं कधी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार करायची वेळ आली, तर त्यासाठी थांबावं लागतं. काकूंना हे सांगितलंय. पटलेलं नाही.

आता पाचवा तारा. काउंटरवरची मुलगी भर गर्दीत ओरडते, "मानेची गाठ कोण आहे?" सगळ्या माना वळतात. नावानं हाक मारा की! अपॉइंटमेंटची वेळ नावापुरती, आम्ही इतका वेळ बसलो की सासूबाईंनी गर्भलिंग निदान होत नाही ही पाटी, खालच्या 1994 च्या कायद्यासकट, मोठ्यानं वाचून काढली. लिफ्टही बंद होती.

उपाशी पोटी जायची गरज नाही. जुना रिपोर्ट आणि फिल्म मात्र न्या, नुसता रिपोर्ट नेला तर मॅडम फिल्म मागतातच. आणि दुचाकीवरूनच जा, चारचाकीला जागा मिळत नाही.