परसातल्या तळ्याचा प्रेशर फिल्टर आणि दिव्यांचा संच: कोकणात कितपत चालतो?

एकाच साच्यातून निघाल्यासारखा फिल्टरचा एक संच बाजारात सध्या वेगवेगळ्या नावांनी मिळतो. काळा प्लास्टिकचा पिंप, आत स्पंजच्या गोल चकत्या आणि बायोबॉल (जिवाणूंना बसायला जागा देणारे प्लास्टिकचे जाळीदार गोळे), झाकणात 18 वॅटचा यूव्ही दिवा, सोबत ताशी 6000 लिटरचा पंप आणि पाण्याखाली ठेवायचे चार एलईडी दिवे. स्टिकर तेवढा बदलतो. माल आखलाय बेताच्या पावसाच्या, कोरड्या हवेच्या मुलखासाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे त्याचं वागणं वेगळं. मत आधीच सांगून टाकतो: फिल्टर घ्यावा, पंप चालेल, दिवे दुकानातच सोडून यावेत.

खोक्यावर ‘12,000 लिटरच्या तळ्यासाठी’ असं छापलेलं असतं. हा आकडा मासे नसलेल्या तळ्याचा. गोल्डफिश असतील तर निम्मा धरावा, कोई (मोठे होणारे रंगीत जपानी मासे) असतील तर पाव. आपलं तळं किती लिटरचं, हे डोळ्यांनी ठरवू नये. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून गुणाकार करावा, त्याला 28.3 ने गुणावं. 10 बाय 6 फुटांच्या, अडीच फूट पाणी असलेल्या चिऱ्याच्या तळ्यात साधारण 4250 लिटर मावतात. गोल्डफिशना हा संच पुरतो. कोई पाळायचे तर पुढच्या मापाचा पिंप बघा.

पंपाचे 6000 लिटर हे शून्य उंचीवरचे. पाणी दीड मीटर चढवून स्पंजातून काढलं की जेमतेम निम्मं हाती येतं. परतीच्या पाइपाखाली 20 लिटरची बादली धरून वेळ बघावी. 24 सेकंदांत भरली तर ताशी 3000 लिटर, म्हणजे दीड तासात तळ्याइतकं पाणी फिरलं. हे उत्तम. तीच बादली 36 सेकंद घेऊ लागली की प्रवाह 2000 वर आला, स्पंज तुंबला. ‘महिन्यातून एकदा धुवा’ या पुस्तिकेतल्या सल्ल्यापेक्षा ही बादली खरी. मोहोर गळायच्या दिवसांत आंब्याखालचा स्पंज दहा दिवसांतही भरतो, नाहीतर दोन महिने हात लावावा लागत नाही.

संचातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बॅकवॉशची, म्हणजे पाणी उलटं फिरवून गाळ धुण्याची मूठ. पिंप न उघडता बराच गाळ बाहेर निघतो. फक्त मूठ फिरवताना पंप बंद हवा. चालू पंपावर फिरवली की आतली रबरी रिंग जागची सरकते आणि घाण पाणी बगल देऊन परत तळ्यात येतं. निघालेलं काळपट पाणी नारळाच्या आळ्यात सोडावं, खतच आहे ते.

स्पंज धुताना तळ्यातलंच पाणी बादलीत घ्यायचं, दोन-तीनदा दाबायचं आणि थांबायचं. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली पांढरा होईपर्यंत पिळला की फिल्टर संपला. त्या तपकिरी थरातले जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ते नव्याने बसायला चार ते सहा आठवडे जातात. नीट वापरला तर स्पंज दोन-तीन वर्षं टिकतो. दाबून सोडल्यावर फुगून वर येईना, की बदलायचा. तोही सगळा एकदम नाही: निम्म्या चकत्या आता, निम्म्या दीड महिन्याने.

वीज सहा-आठ तास गेली तर बंद पिंपातला ऑक्सिजन संपतो आणि हेच जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर पहिलं पाणी बॅकवॉशने बाहेर काढावं, तळ्यात जाऊ देऊ नये. सडक्या अंड्यासारखा वास आला तर झाकण उघडून स्पंज खळबळून घ्यावा.

यूव्हीबद्दल नेहमीची तक्रार: दिवा तर पेटतोय, पाणी तरी हिरवंच. दिसणारा निळा उजेड काही काम करत नाही. तरंगतं शेवाळ मारणारा 254 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, आणि तो साधारण 8000 तासांत मंदावतो. चोवीस तास चालू ठेवला तर अकरा महिने. निळा उजेड मात्र पुढेही येत राहतो, म्हणून दिवा बसवल्याची तारीख पिंपावर लिहून ठेवा. वीज सारखी ये-जा करत असेल तर आयुष्य आणखी घटतं, कारण प्रत्येक वेळी पेटताना दिव्याची झीज होते. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात बरेचदा लोह असतं. त्याचा तांबूस थर दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर बसला की नवा दिवाही निकामी. लिंबूसत्वाच्या पाण्यात नळी अर्धा तास बुडवून मऊ फडक्याने पुसली की थर निघतो. आधी प्लग काढायचा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, डोळे भाजतात. झाकणाची रबरी रिंग बसवताना सिलिकॉन ग्रीस वापरा. पेट्रोलियम जेलीने काही रबरं फुगतात आणि मग गळती लागते.

आता पावसाळा, म्हणजे खरी परीक्षा. पाणी हिरवं नसून लाल झालं असेल तर यूव्हीचा काही उपयोग नाही. जांभ्याची बारीक माती स्पंजातूनही निसटते. उपाय फिल्टरमध्ये नाही, बांधकामात आहे: तळ्याला सहा इंच उंच चिऱ्याची कड, पागोळ्यांचं पाणी पन्हळीने दुसरीकडे, आणि जादा पाण्यासाठी तीन इंची पाइप, तोंडाला जाळी लावून. जाळी नसली तर मासे गडग्यापलीकडे.

दुसरा धोका दिसत नाही. वरच्या 60 चौरस फुटांच्या तळ्यावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला की साडेपाचशे लिटर पावसाचं पाणी आत येतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि आपलं विहिरीचं पाणीही मुळात मऊच. फिल्टरमधले जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात ग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्यातलं आम्ल मारणारे क्षार, खातात. भर नाही आणि खर्च चालू, मग एका रात्रीत पीएच कोसळतो, जिवाणूंचं काम थांबतं. पुस्तिकेत याचं अक्षरही नाही. यावर कोकणात स्वस्त इलाज आहे: तिसऱ्यांच्या शिंपा. उकळून, मांस काढून, उन्हात वाळवून, जाळीच्या पिशवीत दोन-तीन किलो भरून परतीच्या धारेखाली ठेवाव्यात. पाणी आम्ल होऊ लागलं की त्या हळूहळू विरघळतात. हळूहळू, म्हणून पिशवी मे महिन्यातच टाकायची. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला केएचचं, म्हणजे हीच क्षारता मोजायचं, थेंबाचं किट लावून बघा. आकडा 50 पीपीएमखाली गेला तर माशांचं खाणं कमी करा.

पंपाची जाळी मोठ्या भोकांची आहे. पहिल्या पावसात बेडकांची अंडी आणि मग बेडूकमासे त्यात ओढले जातात. पंप भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून भोवती शेडनेट गुंडाळली की प्रश्न मिटतो. पुस्तिकेतल्या चित्रात पिंप अर्धा जमिनीत पुरलेला दाखवतात, ते इथे करू नका. खड्ड्यात पाणी साचून दिव्याचा चोक भिजतो. चिऱ्याच्या ओट्यावर, पाण्याच्या पातळीच्या वर, डोक्यावर पत्र्याचा तुकडा, एवढं पुरे.

दिवे. कडं ‘स्टेनलेस’ म्हणून सांगतात, पण खाऱ्या वाऱ्यात साधं 304 पोलाद तपकिरी डाग धरतं. समुद्रालगत 316 चं किंवा सरळ प्लास्टिकचं कडं हवं. संचातली वायर 1 चौरस मिलिमीटरची. 12 व्होल्टवर 6 वॅटचे चार दिवे म्हणजे 2 अँपिअर. 20 मीटर अंतरावर जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि टोकाचा दिवा मंद दिसतो. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली तर घट 0.6 व्होल्टवर येते. वेगळे घेताना आयपी 68 (पाण्याखाली सतत चालणारे), आतून रेझिन भरलेले, 3000 केल्विनचे पिवळसर दिवे घ्या. पांढऱ्या-निळ्यावर जूनमध्ये किड्यांचा खच पडतो. टायमरने रात्री दहाला बंद करा, माशांना अंधार लागतो.

पंप 230 व्होल्टचा आहे, म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर वायरमन येईपर्यंत खोकं उघडूच नका. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.

पंप 65 आणि यूव्ही 18 वॅट, म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. वॉरंटीत दिवा, काचेची नळी आणि रबरी रिंगा सहसा येत नाहीत, नेमकं तेच आधी जातं. दुकानदाराकडे हे तिन्ही सुटे मिळतात का, ते विचारूनच पैसे द्या. नळी तर सोबतच एक जादा घेऊन ठेवा.