आरसिसलॉग आणि आरएफसी ५४२४ : जुन्या स्विचसकट वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नेटवर्क मी सांभाळतो. जुने स्विच, मधल्या काळात आलेला फायरवॉल, अलीकडचे लिनक्स सर्व्हर, असं सगळं एकत्र नांदतंय. सगळ्यांचे लॉग (कधी काय घडलं याच्या नोंदी) आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका सर्व्हरवर आणायला लागून आता एक पावसाळा आणि एक दिवाळी उलटली.

स्विच लॉग पाठवतात आरएफसी ३१६४ प्रमाणे. आरएफसी म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धती लिहून ठेवणारे क्रमांकित दस्तऐवज. २००१ चा हा दस्तऐवज म्हणजे प्रमाण नव्हतंच. एरिक ऑलमन यांनी ऐंशीच्या दशकात सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरसाठी केलेलं सिसलॉग (लॉग पाठवायची पद्धत) जिकडेतिकडे जसं पसरलं होतं, तसं त्यात टिपलंय. वेळ येते ‘ऑक्टोबर ११, २२:१४:१५’ अशी. साल नाही, टाइमझोन नाही. राइनर गेरहार्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ५४२४ ने २००९ मध्ये दोन्ही आणलं, वर सेकंदाचे भागही. आरसिसलॉगही त्यांचंच.

५४२४ मध्ये काय बदललं यापेक्षा काय जागचं हलवलं नाही, ते मला जास्त भावलं. ओळीच्या तोंडाशी <१३४> असेल तर दोन्हीकडे अर्थ एकच: फॅसिलिटी (ओळ कुठल्या प्रकारच्या स्रोताची) १६ गुणिले ८, अधिक सेव्हरिटी (गोष्ट किती गंभीर) ६. नव्यात त्याला लागून फक्त ‘१’ येतो, आवृत्तीचा. जुन्यात नियमाप्रमाणे तिथे महिन्याचं नाव असतं. त्यामुळे आरसिसलॉग आधी ५४२४ चा पार्सर (ओळ वाचून तिचे भाग वेगळे करणारा) लावून बघतो, नाही जुळलं तर ३१६४ चा. दोघांना एकच ५१४ पोर्ट (सर्व्हरवर लॉग आत येण्याचं क्रमांकित दार) पुरतो. एवढ्याशा ‘१’ वर वीस-पंचवीस वर्षांची यंत्रं सांभाळली गेली, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पण हे जमतं ते घेणाऱ्याच्या बाजूने. आमच्या एका जुन्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरला ५४२४ ची ओळ दिली की ते ‘१’ लाच मशीनचं नाव समजायचं. त्याच्याकडे ओळी जुन्या टेम्पलेटनेच पाठवाव्या लागतात.

पावसाळ्यात लाइट जाऊन आली की आधी काय बंद पडलं हे लॉगवरूनच शोधायचं असतं. एक स्विच यूटीसी या जागतिक वेळेवर होता, त्याच्या ओळी साडेपाच तास मागे जाऊन बसायच्या. ३१६४ मध्ये हे ओळखायला काहीच खूण नाही. आता प्रत्येक ओळीसोबत सर्व्हरवर पोचल्याची वेळही लिहून ठेवतो. जुनी उपकरणं असतील त्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं.

५४२४ मधला स्ट्रक्चर्ड डेटा (नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती द्यायची जागा) मात्र वाया जातोय. इतकी चांगली सोय, आणि आमच्या बहुतेक ओळींत त्या जागी नुसती ‘-’. पाठवणारी सॉफ्टवेअरंच ती भरत नाहीत.

नवीन खरेदीच्या कोटेशनमध्ये आता मी दोन गोष्टी लिहूनच मागतो: ५४२४, आणि ६५१४ पोर्टवर टीएलएस (लॉग वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून कूटबद्ध करून पाठवणं).